पऱ्हाटीचा भडका, बाभळीचा ओंडका : ओतीव गोळी आणि सावकाश जळणारी दारू

चुलीत पऱ्हाटी सारली की भडका उडतो आणि आधण यायच्या आत काड्यांची राख होते. बाभळीचा ओंडका पेटायला कुरकुरतो, आधी नुसता धूर काढतो, पण एकदा धरला की भाकरी होऊन वर वरण शिजेपर्यंत पुरतो. रायफलीच्या दारूतही अशाच जाती आहेत. काही दारू पऱ्हाटीसारखी, काही बाभळीसारखी. फरक एवढाच, की चुलीतला ओंडका फुंकणीनं पेटतो आणि पुंगळीतला, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यातला, ओंडका दाबानं. दाब मिळाला नाही तर तो नीट पेटतच नाही. ओतीव शिशाच्या गोळीमागं फार सावकाश जळणारी दारू का वापरतात, ती कधी साथ देते आणि कधी दगा देते, या सगळ्याचं मूळ या एका गोष्टीत आहे.

विषय मुळात अमेरिकेतला. तिथं घरच्या घरी शिसं वितळवून गोळ्या ओतणं आणि वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरणं हा लाखो लोकांचा कायदेशीर छंद आहे. आपल्याकडं तसं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळाला म्हणजे काडतूस भरायचा परवाना मिळाला असं होत नाही. म्हणून खालचे आकडे कृती म्हणून वाचू नका. आतलं यंत्र कसं चालतं ते कळण्यापुरतेच ते आहेत. ते कळलं की विकतच्या काडतुसाशी कसं वागायचं आणि भरमारीत, म्हणजे ठासणीच्या बंदुकीत, काय कधीच घालायचं नाही, हेही आपोआप कळतं.

दारू म्हणजे शेवटी कापूसच

बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची बनते आणि नायट्रोसेल्युलोज बनतं कापसापासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, ती लिंटर या कामाला उत्तम. ती नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात भिजवली की दिसायला कापूसच राहते, पण ठिणगी लागली की राखही न ठेवता उडून जाते. शॉनबाइन या जर्मन-स्विस रसायनशास्त्रज्ञानं १८४६ मध्ये ही गोष्ट जगापुढं आणली. पण हा गनकॉटन नळीत घालण्याच्या लायकीचा नव्हता, कारण तो एकदम जळायचा आणि नळी फोडायचा. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिए यांनी त्याला ईथर-अल्कोहोलनं मळून कणकेसारखं केलं, लाटलं, कापलं, वाळवलं. तंतूची पोकळी गेली, घट्ट दाणा आला, आणि जाळ बाहेरून आत थरथरानं जायला लागला. वेग ताब्यात आला तो इथं.

आपल्या भागात, विदर्भात, हे काम परकं नाही. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत प्रोपेलंट बनतं, भद्रावतीजवळच्या चांदा निर्माणीत दारूगोळा भरला जातो. तिथल्या कामगाराला ‘दारू हळू आहे’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडं सविस्तर.

दाण्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो. पहिली म्हणजे आकार. बारीक पापुद्रा असेल तर पृष्ठभाग जास्त आणि जळायला जाडी कमी, म्हणून झटपट. जाड, लांब, शेवयांच्या तुकड्यासारखा दाणा हळू जळतो. त्याला मधोमध भोक असेल तर बाहेरचा पृष्ठभाग कमी होत जातो तसा भोकाच्या आतला वाढत जातो आणि एकूण जाळ सारखा राहतो. दुसरी गोष्ट लेप. दाण्याच्या वरच्या थरात जाळ मंदावणारी रसायनं मुरवतात. बाहेरचा थर मंद, आतला तेज. त्यामुळं सुरुवात हळू होते आणि गोळी नळीत पुढं सरकून जागा वाढली की आतला तेज भाग तिच्या मागं जोर लावतो. फार सावकाश दारूत हा लेप जड असतो. वर ग्रॅफाइटचा हात दिलेला असतो, म्हणून दाणे काळेभोर, चकचकीत दिसतात आणि ओतताना एकमेकांना चिकटत नाहीत.

‘सावकाश’ हा शब्दही जपून घ्यावा. गोळी नळीतून बाहेर पडते ती एक-दोन मिलिसेकंदांत. सगळ्यात सावकाश आणि सगळ्यात तेज दारूतला फरक तेवढ्यातला असतो.

आता मुख्य नियम. बिनधुराची दारू जितक्या दाबाखाली असेल तितकी वेगानं जळते. दाब दुप्पट झाला तर जळण्याचा वेगही जवळजवळ दुप्पट होतो. उघड्यावर चिमूटभर पेटवली तर ती फसफसत आळसानं जळते, तीच बंद पुंगळीत वेगळीच होते. जाळ दाब वाढवतो, दाब जाळ वाढवतो. सावकाश दारूत हे चक्र फिरायला जरा जास्त दाब लागतो. तो कोण देतं? गोळीचं वजन, नळीशी तिचं घर्षण आणि पुंगळीत दारूनं भरलेली जागा. हे तिन्ही कमी पडले तर ओंडका धुमसत राहतो.

ओतीव गोळीचं दुखणं

कारखान्याच्या रायफल गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच असतं. ओतीव गोळी नुसत्या शिशाची, त्यात थोडं कथील आणि अँटिमनी. कडकपणा ब्रिनेल अंकात मोजतात. शुद्ध शिसं ५ च्या आसपास. नव्वद भाग शिसं, पाच कथील, पाच अँटिमनी असं मिश्रण १५ च्या आसपास. छापखान्यातले जुने लायनोटाइपचे खिळे २२ पर्यंत जातात. ओतणारे लोक एक ढोबळ हिशेब लावतात : ब्रिनेल अंकाला १,४२२ नं गुणा, जो आकडा येईल तेवढ्या पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाबाला गोळीचं बूड दबायला लागतं. १५ अंकाच्या गोळीला हा आकडा साधारण २१,००० येतो. आता .३०-०६ या रायफलीच्या काडतुसाची कमाल मर्यादा ६०,००० पीएसआय आहे. मोटारसायकलच्या टायरात तीसेक पीएसआय हवा असते, त्यावरून अंदाज घ्या. कवचाच्या गोळीसाठी बांधलेला दाब शिशाच्या गोळीला झेपत नाही हे या दोन आकड्यांतच दिसतं.

न झेपल्यावर काय होतं? गोळी नळीतल्या पीळदार खाचांत धरून फिरायच्या ऐवजी घसरते. गरम वायू कडेनं वाट काढतो आणि शिसं कापत जातो. कापलेलं शिसं नळीला चिकटतं, पुढची गोळी त्यावरून जाते, आणखी चिकटतं. दहा गोळ्यांत नेम गेला म्हणून समजा. यावर उपाय ठरलेले आहेत. गोळी खाचेच्या मापापेक्षा एक-दोन हजारांश इंच जाड ठेवायची, म्हणजे .३०८ च्या नळीला .३०९ किंवा .३१०. बुडाला तांब्याची लहानशी वाटी बसवायची, तिला गॅस चेक म्हणतात. गोळीवरच्या खोबणीत मेण आणि ॲलॉक्स नावाचा वंगणपदार्थ यांचं मिश्रण भरायचं. आणि चौथा उपाय म्हणजे धक्का हळूच द्यायचा. सावकाश दारूचा विचार येतो तो या चौथ्यासाठी.

शिसं नळीत कुठं चिकटलंय यावरून दुखणं ओळखता येतं, आणि हे निदान बहुतेक वेळा बरोबर निघतं. खोलीजवळ, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेजवळ, चिकटलं असेल तर गोळी बारीक आहे किंवा सुरुवातीचा धक्का जोराचा आहे. तोंडाजवळ चिकटलं असेल तर वंगण वाटेतच संपलं. पहिल्या दुखण्यावर दारू बदलून उपयोग होऊ शकतो. दुसऱ्यावर दारूचा दोष काढण्यात अर्थ नाही.

दोन रस्ते

ओतीव गोळी हळू मारायची असेल तर सोपा रस्ता पऱ्हाटीचा : पिस्तुलाची किंवा छर्ऱ्याच्या काडतुसाची तेज दारू अगदी थोडी घालायची. .३०-०६ सारख्या पुंगळीत अशी दारू दहा ते सोळा ग्रेन लागते. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, ०.०६४८ ग्रॅम. पंधरा-सोळा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. स्वस्त पडते, कमी दाबातही पूर्ण जळते, नळी स्वच्छ राहते. बरेच लोक आयुष्यभर याच रस्त्यानं जातात आणि त्यांचं काही अडत नाही.

पण त्यात एक खड्डा आहे. पुंगळी पाव भरलेली असते. नजरचुकीनं त्यात दारू दोनदा पडली तरी ती अर्धीच भरलेली दिसते, गोळी वर आरामात बसते, आणि चाप ओढला की रायफल फुटते. त्यात अशी दारू पुंगळीत लोळत राहते. नळी वर करून मग नेम धरला तर दारू टोपीजवळ (पुंगळीच्या बुडातली, आग लावणारी), खाली करून धरला तर गोळीजवळ, आणि दर वेळी वेग थोडा वेगळा.

दुसरा रस्ता बाभळीचा. पुंगळी काठोकाठ भरेल अशी, त्या काडतुसाला एरवी जड वाटेल इतकी सावकाश दारू. .३०-०६ मध्ये ती पन्नास-साठ ग्रेन बसते. दोनदा ओतली तर जमिनीवर सांडते, चूक लपत नाही. दारू हलत नाही, म्हणून पेट सारखा लागतो. पोकळी भरायला कापसाचा किंवा डेक्रॉनचा (कृत्रिम धाग्याचा) बोळा कोंबायची गरज उरत नाही, आणि ते बरंच, कारण चुकीच्या बोळ्यानं रायफलीच्या खोलीत कायमची कडी उमटल्याची उदाहरणं आहेत. दाब हळू चढतो, गोळी खाचांत सावकाश शिरते, बूड शाबूत राहतं. आणि पुंगळीत मावेल तेवढी सगळी दारू घालूनही दाब त्या काडतुसाच्या मर्यादेच्या बराच खाली राहतो. शेवटचा मुद्दा मात्र दारू त्या पुंगळीसाठी खरोखरच जास्त सावकाश असेल तरच खरा. मोठ्या पोटाची मॅग्नम पुंगळी आणि जड गोळी असेल तर तीच दारू पूर्ण तेजानं जळते आणि सवलत संपते.

ही दारू लोकप्रिय झाली तिचं कारण मात्र शास्त्रापेक्षा पैशाचं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तोफांसाठी बनवलेली दारू डोंगराएवढी उरली होती. ब्रूस हॉजडन या माणसानं ती घेऊन किरकोळीत विकायला सुरुवात केली. २० मिलिमीटर तोफेसाठीची ४८३१ क्रमांकाची दारू त्यातलीच. नंतरच्या काळात ८७०, डब्ल्यूसी ८६०, डब्ल्यूसी ८७२ अशा आणखी सावकाश दारू सरकारी शिलकीतून आल्या. किलोच्या भावात मिळणारी दारू लोकांनी ओतीव गोळीमागं घालून बघितली, आणि ती चालते असं आढळलं.

ओंडका पेटावा म्हणून

गोळी जड हवी, त्या नळीच्या मापातली वरच्या वजनाची. .३० कॅलिबरमध्ये १८० ते २२० ग्रेनची गोळी सावकाश दारूला हवा तो विरोध देते. १५० ग्रेनची फार लवकर पळून जाते आणि मागं कच्चे दाणे राहतात. गोळीचं नाक खाचांना टेकलेलं असलं तर आणखी चांगलं, कारण निघण्यापूर्वी ती अडते. पुंगळीची मान गोळीला घट्ट धरणारी हवी, पण इतकी नको की शिसंच खरवडलं जावं. ओतीव गोळीसाठी मानेचं तोंड किंचित पसरून घेतात ते यासाठीच.

टोपी मॅग्नम प्रकारची, म्हणजे जास्त जोराची आग देणारी. जड लेपाच्या गोल दाण्याच्या दारूला साधी टोपी थंडीत कमी पडते. भरणा काठोकाठ, जमल्यास गोळी बसताना किंचित दाबला जाईल असा. दारू लांब नळीच्या नरसाळ्यातून हळूहळू सोडली की दाणे दाटीनं बसतात. पायलीत ज्वारी हलवून भरली की जास्त मावते, तसंच.

वेगाची अपेक्षा माफक ठेवावी. सेकंदाला १,६०० ते १,९०० फूट हा या जोडीचा घरचा पट्टा. त्याच्या वर गेलं की गोळी फिरते किती हा प्रश्न येतो. दहा इंचात एक फेरा देणाऱ्या नळीतून १,८०० फुटांनी सुटलेली गोळी मिनिटाला १,२९,६०० फेरे घेते. ओतीव गोळीत कुठं तरी बारीक बुडबुडा राहिलेलाच असतो, आणि एवढ्या फेऱ्यांत तो गोळीला वाटेवरून ढकलतो. ही मर्यादा नेमकी कुठं आहे यावर जाणकारांत भांडणं आहेत. सावकाश दारूनं ती थोडी वर सरकते असं तिच्या बाजूचे म्हणतात. आमच्या मते गोळी चांगली ओतलेली असेल तरच.

बिघडतं तेव्हा

पहिली तक्रार कचऱ्याची. नळीत, खोलीत, बोल्टच्या (खोली मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) खाचेत पिवळट न जळलेले दाणे सापडतात. थोडे असतील तर चालतं. पण बोल्ट बंद करताना ते मध्ये येतात, पुंगळीवर चेपून खळगे पाडतात, आणि पुढचं काडतूस पूर्ण बसू देत नाहीत. दर काही बारांनंतर रायफल उलटी करून झटकावी लागते. पुंगळीची मान बाहेरून काळी झाली असेल तर दाब इतका कमी होता की पितळ फुगून खोलीला टेकलंच नाही आणि वायू मागं आला. झडलेली टोपी बुडातून किंचित बाहेर आलेली दिसली तर तेही कमी दाबाचंच लक्षण. नवशिक्याला ते जास्त दाबाचं वाटतं आणि तो दारू आणखी कमी करतो. इथून खरा धोका सुरू होतो.

सावकाश दारू कमी करून सुरक्षित होत नाही. तेज दारूचं एवढं भय नाही. सावकाश दारूचा अर्धामुर्धा भरणा मात्र वाईट. तीन गोष्टी होऊ शकतात. एक, चाप ओढल्यावर क्षणभर काहीच नाही आणि मग बार, तोवर माणसानं बोल्ट उघडलेला असू शकतो. दोन, गोळी नळीतच अडकते आणि पुढची तिच्यावर जाऊन आदळते. तीन, फार क्वचित, दाब एकाएकी इतका चढतो की रायफलच उद्ध्वस्त होते. या तिसऱ्याचं कारण पुरतं उलगडलेलं नाही. दारू पुंगळीत आडवी पसरलेली असताना टोपीची आग वरून सगळीकडं एकदम पोचते, असं एक मत आहे. धुमसत्या दारूनं गोळी थोडी पुढं ढकलली, ती खाचांत अडकली आणि मग मागं सगळं एकदम पेटलं, हे दुसरं. प्रयोगशाळेत हे हुकमी घडवून दाखवणं अवघड जातं, म्हणून वाद मिटत नाही. दारू बनवणारे मात्र एकच सांगतात : सावकाश दारू भरण्याच्या पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापाच्या खाली नेऊ नका. हळू गोळी हवी तर दारूची जात बदला.

जात बदलताना नावावर जाऊ नये. हॉजडनची ४८३१ आणि आयएमआर या दुसऱ्या ब्रँडची ४८३१ एकच नाहीत, दुसरी थोडी तेज आहे. वेगाचे जे तक्ते छापतात त्यात फक्त क्रम असतो, मोजमाप नसतं. तक्त्यात शेजारी असलेल्या दोन दारू एखाद्या पुंगळीत जागा बदलतात. सरकारी शिलकीच्या दारूचा तर एक डबा दुसऱ्या डब्यासारखा असेलच असं नाही. डब्बाबंद किरकोळ दारू कारखान्यात मिसळून ठरावीक वेगाला आणलेली असते, शिलकीची तशी नसते.

आणखी एक गैरसोय कमी बोलली जाते. साठ ग्रेन दारूचा वायूही नळीच्या तोंडातूनच बाहेर पडतो आणि त्याचं वजन धरून खांद्याला धक्का बसतो. त्याच वेगाची गोळी, पण पऱ्हाटीच्या दारूपेक्षा धक्का स्पष्ट जास्त. आवाज आणि तोंडाशी जाळही जास्त.

इथं, आपल्या वावरात

ज्यांच्याकडं जुनी ठासणीची बंदूक, म्हणजे भरमार, परवान्यावर आहे त्यांनी एवढं तरी पक्कं करावं : रायफलीची कुठलीच बिनधुराची दारू तिच्यात जात नाही, ‘फार सावकाश आहे’ असं कोणी सांगितलं तरी नाही. काळी दारू दाब वाढला म्हणून फारशी पिसाळत नाही. तिच्या हिशेबानं त्या नळ्या आणि बुडाचे पेच बनलेले आहेत. बिनधुराची दारू दाबाबरोबर वेग वाढवते. फुटक्या काडतुसातली दारू काढून भरमारीत ओतली की पहिल्याच बाराला नळी केळीच्या सालीसारखी उलगडू शकते, आणि मधोमध तोंड असतं ते चाप ओढणाऱ्याचं.

काडतूस ठेवायची जागाही महत्त्वाची. चंद्रपूर-अकोल्याकडं मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांच्या वर जातो, टिनाच्या छपराखाली आणि मोटारसायकलच्या डिकीत त्याहून कितीतरी वर. तापलेली दारू जास्त वेगानं जळते, त्यामुळं दाब वाढतो. वर्षानुवर्षं तापत राहिली तर नायट्रोसेल्युलोज स्वतःच कुजायला लागतं. दारूत स्थिर ठेवणारं डायफेनिलअमाइन घातलेलं असतं, पण तेही संपतं. चांगल्या दारूला ईथरसारखा वास येतो, बिघडलेलीला आंबट, नाकाला झोंबणारा, आणि दाण्यांवर तांबूस धूळ दिसते. पितळेवर आतून हिरवट डाग फुटलेलं जुनं काडतूस बघायला म्हणून उघडू नका, चुलीत टाकू नका, धुऱ्यावर पुरूही नका. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं किंवा पोलीस ठाण्यात जमा करा. बाकीची काडतुसं मातीच्या भिंतीच्या थंड खोलीत, जमिनीपासून वर, कोरड्या डब्यात, लेकरांच्या हाताबाहेर, कुलपात.

चाप ओढल्यावर नुसता टिचकीचा आवाज आला तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं, मग बोल्ट उघडायचा. बाराऐवजी ‘फुस्स’ झालं आणि खांद्याला धक्का लागला नाही तर दुसरं काडतूस घालायचंच नाही. बंदूक रिकामी करून, बोल्ट काढून, मागच्या बाजूनं नळीतून उजेड दिसतो का ते बघायचं. दिसला नाही तर गोळी आत आहे, आणि ती सळईनं ठोकून काढायचं काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराचं.